नाताळाची पऱ्हाटी

आमच्या घरात नाताळाचं झाड एका जागी कधी राहिलं नाही. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ते घरात यायचं आणि नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारपर्यंत घरभर फिरत राहायचं. सकाळी मी डबा करायला उठावं तर ते टीव्हीशेजारी. संध्याकाळी कंपनीतून परत यावं तर खिडकीत. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात, म्हणजे ताट घेऊन बाहेर जाताना दर वेळी त्याला वळसा घालायचा. एकदा तर ते न्हाणीघराच्या बाहेर उभं होतं, कारण तिथं म्हणे सकाळचं ऊन बरं पडतं. हा सगळा उद्योग माझ्या सासऱ्यांचा. आईवडिलांनी त्यांचं नाव शांतवन ठेवलं होतं. ख्रिस्ती घरांत हे नाव असतं, सांत्वन, दिलासा अशा अर्थाचं. पण त्यातलं 'शांत' तेवढं ऐकून कुणी त्यांना भेटायला आलं, तर त्याची पुरती फसगत व्हायची.

पप्पा वीज खात्यात लाइनमन होते. सगळी नोकरी खांबावर गेली. निवृत्त झाले तेव्हा खांबावरून उतरले खरे, पण जमिनीवर टेकले नाहीत. चहा उभ्यानं प्यायचे. जेवताना एक पाय उचललेला, निघायच्या तयारीत. कुणाच्या घरी गेले की सोफ्याआधी त्यांची नजर बटणांच्या बोर्डाकडे जायची आणि खिशातून टेस्टर बाहेर यायचा. आम्ही बसा म्हटलं की म्हणायचे, "बसलं की गंजलं." आणि घरातून निघताना, जेवणातून उठताना, कधी कधी स्वतःचंच वाक्य अर्धं सोडून जाताना त्यांचा एकच शब्द असे: "आलोच." हे 'आलोच' दहा मिनिटांचं असायचं किंवा चार तासांचं. माझ्या सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या. त्या नर्स होत्या. माझा नवरा सुहास सांगतो, पप्पांनी 'आलोच' म्हटलं की मम्मी गॅसवरचा कुकर उतरवून ठेवायच्या.

पदमपुऱ्यातल्या या घरात मी आले ती एका बॅगेनिशी. सुहास आणि मी वाळूजच्या एकाच कंपनीत होतो. तो मशीनवर, मी स्टोअरमध्ये. माझं माहेर वैजापूरजवळच्या एका गावात, शेती करणाऱ्या मराठ्यांचं. ख्रिस्ती मुलाशी लग्न करते आहे असं मी सांगितलं तेव्हा माझ्या वडिलांनी, नानांनी, आरडाओरडा केला नाही. ओट्यावर बसल्या बसल्या ते एवढंच म्हणाले, "तुझं तू बघ आता." मी म्हटलं, "बघते." ते उठून कापसात गेले आणि मी बॅग उचलली. त्यानंतर आई फोन करायची, पण नाना रानात असतील तेव्हाच. नानांचा आवाज मी ऐकला तो फोनच्या मागून, कुणाला तरी बैल बांधायला सांगताना.

पहिल्या डिसेंबरात मला वाटलं होतं, या घरी आता चकचकीत हिरवं झाड येणार. निराला बाजारातल्या दुकानांबाहेर असतं तसं, दिव्यांच्या माळांचं. मी मनातून खूशही होते. एका दुपारी पप्पा जिना चढून आले तर खांद्यावर हे लांबच लांब काहीतरी, आणि मी नुकत्याच पुसलेल्या फरशीवर पायरीपायरीनं पडत आलेली काळी माती. त्यांनी खांद्यावरचं खाली उभं केलं. पऱ्हाटी होती. कापसाचं वाळत आलेलं अख्खं झुडूप, मुळासकट उपटलेलं, फांद्यांवर फुटलेली पांढरी बोंडं. आमच्या गावी कापूस वेचून झाला की पऱ्हाटी चुलीत जाते, बंबात जाते, नाहीतर कुंपणाला लागते. माझ्या तोंडून निघून गेलं, "पप्पा, हे तर जळण आहे."

"व्हय, जळणच हाय," ते म्हणाले. "पण जानेवारीपस्तोर नाय."

मग उभ्या उभ्याच त्यांनी मला त्या झाडाची गोष्ट सांगितली. पुढं ती मी इतक्यांदा ऐकली की आता माझीच वाटते. पप्पांचे आजोबा याकोब हे छावणीत मिशनच्या बंगल्यावर पाणी भरायचे, बाग बघायचे. बंगल्यातल्या मडमबाई नव्यानं या देशात आलेल्या. मराठी त्या पुस्तकावरून शिकल्या होत्या. "लई शुद्ध बोलायची ती," पप्पा म्हणायचे, "म्हणून कुणालाच कळायचं नाय." नाताळ जवळ आला तेव्हा बाईंनी याकोबला बोलावून सांगितलं, "याकोब, मला कापसाचे झाड हवे." त्यांच्या मनात होतं एखादं हिरवं झाड आणि त्यावर बर्फासारखा पसरलेला कापूस. पण याकोब पाचोडकडचा माणूस. त्यानं बर्फ पाहिलं नव्हतं आणि नाताळाचं झाडही पाहिलं नव्हतं. कापसाचं झाड म्हटल्यावर आपल्याकडच्या माणसाला जे समजायचं तेच त्याला समजलं. तो गावी गेला, भावाच्या रानात हिंडून सगळ्यात पांढरी पऱ्हाटी त्यानं निवडली, बाईंच्या दारात पोचेपर्यंत सुकू नये म्हणून मुळासकट उपटली आणि छावणीत आणून हजर केली.

मडमबाई ती बघून काय म्हणाल्या, हे मात्र दर वर्षी बदलायचं. एका वर्षी त्या पोट धरून हसल्या. एका वर्षी त्यांना घरची आठवण येऊन रडू फुटलं. मला आवडायचं ते तिसरं. त्यात बाई नुसत्याच म्हणतात, "याकोब, हे काय?" आणि याकोब म्हणतो, "कापसाचं झाड, बाईसाहेब. चांगलं पांढरं बघून आणलंय." खरं काय झालं ते देव जाणे. शेवट मात्र एकच होता. बाईंनी बादलीत दगड-माती भरून पऱ्हाटी उभी केली आणि तिच्यापुढं गाणी म्हटली. पुढं बाई मायदेशी गेल्या आणि याकोब आपल्या खोलीत पऱ्हाटी लावायला लागला. खरं झाड वेगळं असतं हे त्याला कुणीतरी सांगितलं, तोवर त्याच्या पोरांनी त्याच पऱ्हाटीवर आपापल्या वस्तू टांगायला सुरुवात केली होती.

त्या वस्तू बिस्किटांच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यात असत. नियम एकच: दुकानातलं काही नाही, जे टांगायचं ते आपलं स्वतःचं. याकोबनं ओवलेली गुंजांची माळ. त्याच्या बायकोच्या फुटक्या काकणांचे तुकडे, दोऱ्यात बांधलेले. पप्पांचे वडील छावणीत फौजी कपडे शिवायचे, त्यांची पितळी बटणं. मम्मींच्या इंजेक्शनच्या चिमुकल्या बाटल्या, खायच्या लाल रंगाचं पाणी भरलेल्या. पप्पांनी तांब्याच्या तारेच्या केलेल्या चांदण्या आणि एक चिनी मातीचा फ्यूज. सुहासनं कंपनीतून आणलेल्या रिजेक्ट रिंगा. पप्पा एकेक वस्तू काढून, कुणाची ते सांगून, फांदीला लावत होते आणि लगेच काढून दुसऱ्या फांदीला लावत होते. डबा रिकामा झाल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"तुझं काय?"

"माझं काही नाही," मी म्हटलं.

"बरं. पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षी मी गुलमंडीवरून चंदेरी गोळा आणून लावला. सकाळी लावलेला गोळा संध्याकाळी डब्यात होता. "हे दुकानाचं हाय," पप्पा म्हणाले, "तुझं कुठंय?" त्याच्या पुढच्या वर्षी मी क्रोशाची चांदणी विणली. त्यांनी ती उलटीसुलटी करून बघितली.

"मोबाइलवर बघून शिकलीस ना?"

"हो."

"छान हाय," असं म्हणून त्यांनी ती खिडकीच्या गजाला बांधली, झाडाला नाही.

आणि माझ्या लेकीनं, एस्तेरनं, पहिला पडलेला दात काडेपेटीत घालून टांगला तर तो मात्र बिनतक्रार मंजूर झाला. मी चिडले. म्हटलं, "पप्पा, माझं म्हणजे काय असतं? दिवसभर नटबोल्टचे खोके मांडते मी. ते लटकवू का?"

"तू आलीस कुठनं, ते बघ की," ते म्हणाले.

मी तिथून उठून गेले. मला ते बोलणं लागलं, आणि लागलं याचाच जास्त राग आला. दर डिसेंबरात घरात झाड फिरायचं आणि माझ्या डोक्यात हा प्रश्न फिरायचा. इतक्या वर्षांत मी माहेराबद्दल कुणाशी चार वाक्यं बोलले नव्हते. आणि हा माणूस दर वर्षी डबा उघडून बरोबर तिथंच बोट ठेवायचा.

सुहासला या पऱ्हाटीची लहानपणापासून लाज वाटायची. याच्या घरी जळण सजवतात, म्हणून शाळेतली पोरं त्याला चिडवायची. एस्तेर तीन वर्षांची असताना त्यानं हौसेनं प्लास्टिकचं झाड आणलं, पुरुषभर उंच. पप्पांनी झाडाच्या सगळ्या फांद्या हलवून बघितल्या, नीट पसरल्या आणि दुसऱ्या दिवशी गॅलरीत नेऊन त्याच्यावर आपले बनियन वाळत घातले. "लई कामाचं झाड आणलंस, सुहास," असं वर मनापासून सांगितलं. पावसाळ्यात ते झाड फार उपयोगी पडतं, हे मलाही कबूल करावं लागेल.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी पप्पांच्या छातीत दुखलं आणि डॉक्टरांनी त्यांच्या हृदयात स्प्रिंग टाकली. आधीच या माणसाच्या अंगात स्प्रिंग होती, आता आणखी एक झाली, असं सुहास म्हणाला. आराम करायचा, जड उचलायचं नाही, जिना कमी. पप्पांनी सगळ्याला मान हलवली. आणि त्याच वर्षी पाचोडहून निरोप आला की, त्यांच्यासाठी दर साल एक पऱ्हाटी राखून ठेवणाऱ्या माणसानं कापूस मोडून मोसंबी लावली. शेजारपाजारच्यांनीही तेच केलं होतं.

तो डिसेंबर मी विसरणार नाही. पप्पा गॅलरीतून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून गॅलरीत फेऱ्या घालत होते. जुन्या लाइनमन दोस्तांना फोन लावत होते. छावणीच्या आठवडी बाजारात जाऊन खेड्यावरून आलेल्या बायकांना विचारून आले. सुहास म्हणाला, "पप्पा, मेडिकलमधून कापूस आणू आणि कशाला तरी लावू ना." पप्पांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो गप्प डबा घेऊन ड्यूटीला गेला. मी एक दिवस रजा टाकून करंज्या करत बसले होते. पप्पा दारात आले, चमचाभर सारण उचलून तोंडात टाकलं आणि म्हणाले, "आलोच."

"जिना सारखा चढू-उतरू नका," मी मान वर न करता म्हटलं.

दुपार झाली. मी फोन लावला तर तो टीव्हीवर वाजला. तीन वाजले, चार वाजले. सुहास ड्यूटीवरून परस्पर गाडी घेऊन शोधायला निघाला, पदमपुऱ्यापासून स्टेशनपर्यंत. मी गॅलरीत उभी. त्या माणसावर माझा इतका जीव आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. करंज्यांचं पीठ वाळून गेलं. मनात नको नको ते येत होतं आणि मी आत-बाहेर, आत-बाहेर करत होते, अगदी त्यांच्यासारखी.

दिवे लागायच्या सुमारास रिक्षा थांबली आणि पप्पा उतरले. हातात त्यांच्यापेक्षा उंच काहीतरी, खालून पोत्यात बांधलेलं. मी जिना उतरले ती त्यांना चांगलं फैलावर घ्यायचं ठरवूनच. आणि मला ते पोतं दिसलं. त्यावर निळ्या रंगात दोन अक्षरं होती, काडीनं काढलेली, दुसरं पहिल्याच्या दुप्पट मोठं. माझे नाना आपल्या प्रत्येक पोत्यावर अशीच अक्षरं काढतात. शाळेत असताना मी त्यांना हजारदा सांगितलं होतं की नाना, दोन्ही सारखी काढा. मी मधल्या पायरीवर बसले.

"तुम्ही वैजापूरला गेलात?"

"सरळ गाडी हाय की," पप्पा म्हणाले. मग मुळांवरची माती झटकत म्हणाले, "यंदा मी तुला नाय विचारणार, तुझं काय म्हणून. अख्खं झाडच तुझं हाय."

मी जिन्यातच रडले, वरच्या मजल्यावरची माणसं वाकून बघत असताना. रागही आला होता. मला न विचारता माझ्या बापाच्या रानात जायला यांना सांगितलं कुणी? पण आधी रडले.

तिथं काय झालं ते त्यांनी एका दमात सांगितलं नाही. एका दमात सांगायला एका जागी बसावं लागतं. झाड खिडकीत नेताना थोडं, तिथून हलवताना थोडं, असं ते महिनाभर कळत गेलं. पप्पा गावात विचारत विचारत रानात पोचले. नाना कापसातच होते. "तोंडात आधी 'जय ख्रिस्त' आलं," पप्पा म्हणाले, "ते गिळलं आन् राम राम घातला."

"एक पऱ्हाटी पाहिजे होती," असं त्यांनी नानांना म्हटलं.

"कशाला?"

"नाताळाला."

नानांनी त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं. "कुठनं आले?"

"पदमपुऱ्यातनं."

त्यावर नाना म्हणाले, "घ्या उपटून. रान मोकळंच करायचंय."

पप्पा वाकले. हृदयातली स्प्रिंग दोन महिन्यांची आणि जमीन काळी, वाळून घट्ट झालेली. एकदा ओढलं, दोनदा ओढलं. तिसऱ्यांदा नाना पुढं आले आणि त्यांनी पप्पांना दंडाला धरून बाजूला केलं.

"सरका. मूळ तुटंल तुमच्यानं."

"मुळासकट पाहिजे," पप्पा धापा टाकत म्हणाले.

"मुळासकटच देतो." नानांनी एका झटक्यात पऱ्हाटी उपटली, वर धरून बघितली आणि बांधावर फेकून दिली. "हिला बोंडं कमी हायेत," म्हणाले आणि दुसरी शोधायला कापसाच्या ओळींतून चालू लागले. पप्पांच्या सांगण्याप्रमाणे त्यांनी अर्धं रान पालथं घातलं. मग घरी नेऊन चहा पाजला. "लई साखर घालता बुवा तुम्ही लोक," पप्पा मला म्हणाले.

"माझ्याबद्दल काही विचारलं?"

"नाय."

"काहीच नाही?"

"पोत्याला सुतळी बांधताना म्हणले, तिला सांगा, उलटी धरू नका, बोंडं गळतेत."

"'तिला' म्हणाले? की 'त्यांना', म्हणजे घरच्यांना?"

"'तिला' म्हणले."

हे मी त्यांना त्या महिन्यात तीन-चार वेळा विचारलं. दर वेळी त्यांनी न कंटाळता तेच उत्तर दिलं. मडमबाईंच्या गोष्टीसारखं ते बदललं नाही.

पुढच्या दोन वर्षी पप्पा रीतसर सांगून वैजापूरला गेले. नाना आता बांधालगतची एक पऱ्हाटी राखून ठेवायचे, वेचणाऱ्या बायकांनी हात लावू नये म्हणून तिला चिंधी बांधून. दोघं म्हातारे चहा प्यायचे, पावसावर बोलायचे. पण नानांनी मला फोन केला नाही आणि मीही त्यांना केला नाही. पप्पांना याचं फार वाईट वाटायचं. "फोन कर," असं ते दर दोन दिवसांनी म्हणायचे. "त्यांनी करावा," मी म्हणायचे. "दोघंबी एकाच बोंडातली सरकी," असं पुटपुटत ते गॅलरीत जायचे. एकदा त्यांनी स्वतःच नानांना फोन लावून माझ्या कानाला धरला. पलीकडून "हॅलो, कोण?" ऐकू आलं आणि मी फोन कापला. त्या दिवशी पप्पा पहिल्यांदा माझ्यावर खरंच चिडले.

"मी काय दोन खांबांमधली तार हाय का?" ते म्हणाले. "तारंलाबी झोळ पडतो, वैशाली. कवर ताणून धरू?"

मला वाटलं, आहे अजून वेळ.

यंदा गणपतीच्या दिवसांत, सकाळी, गल्लीतल्या मंडपाच्या बोर्डमधून ठिणग्या उडाल्या म्हणून खालून हाका आल्या. पप्पांचा चहा मी नुकताच ओतला होता. खिशात टेस्टर आहे का हे चाचपत ते म्हणाले, "आलोच." थोड्या वेळानं मी गॅलरीतून वाकले. बोर्ड दुरुस्त झाला होता, दिवे लागले होते आणि पप्पा जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले होते. पप्पा आपणहून बसलेले मी पहिल्यांदाच बघत होते. मी खाली पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

छावणीच्या कब्रस्तानात पाळकसाहेब प्रार्थना करत होते आणि मी फाटकाकडे बघत होते. आईला कळवलं होतं. नाना आले नाहीत. माती द्यायला मी वाकले तेव्हाही मी फाटकाकडेच बघत होते. त्यानंतर आईचा फोन आला की मी दोन शब्द बोलून ठेवून द्यायचे. जो माणूस आजारी हृदय घेऊन तुमच्या रानात पऱ्हाटीला झोंबला, त्याला मूठभर माती द्यायला तुमच्यानं येववलं नाही? हे वाक्य मी रोज मनात म्हणत होते. रोज त्यात एखादा शब्द वाढत होता.

डिसेंबर लागला. सुहास म्हणाला, "यंदा दुःखाचं वर्ष आहे. झाड नको." आमच्यात तशी पद्धत आहे, मी हो म्हटलं. एस्तेरनं तो पत्र्याचा डबा उतरवून मांडीवर घेतला आणि न उघडता तशीच बसून राहिली. मला बसवेना. मी टीव्ही या भिंतीवरून त्या भिंतीकडे नेला, पलंग फिरवला. फ्रिज खिडकीजवळ नेला आणि दुसऱ्या दिवशी परत आणला. घरात काहीतरी हलत राहायला हवं होतं. सुहास दमून म्हणाला, "तू पप्पा झालीयेस."

मागच्या रविवारी चर्चमधून येऊन आम्ही जेवलो, आणि दार वाजलं. मी उघडलं. दारात नाना उभे होते. टोपी, पांढरा सदरा, दंडावर सैल झालेली कातडी. बारा वर्षांत माणूस किती वाळतो ते मी बघत राहिले. हातात पऱ्हाटी होती, खालून पोत्यात बांधलेली, निळ्या अक्षरांच्या. दुसरं अक्षर अजून मोठंच होतं.

"बांधावर एक राखली होती," ते म्हणाले. नजर माझ्याकडे नव्हती, पोत्याकडे होती. "दर सालसारखी. ट्रॅक्टर घालायला आला तो तिच्यापाशी थांबला, म्हणला, चिंधी कशाची? मला सांगता येईना."

चिंधी अजून फांदीला तशीच होती.

"मातीला आलो नाय मी," नाना म्हणाले. "गाडीत बसलो होतो. गंगापूरला उतरून माघारी गेलो. यायला पाहिजे होतं."

रोज मनात म्हटलेलं ते एवढं मोठं वाक्य माझ्याजवळ तयार होतं. ते निघालंच नाही. नानांना जिना चढून धाप लागली होती आणि मुळांवरची काळी माती उंबऱ्यावर पडत होती. माझ्या मागं सुहास येऊन उभा राहिला, त्याच्या मागं डबा घेऊन एस्तेर. यंदा झाड नको असं कुणीच म्हणालं नाही.

"मुळासकट आणलीय," नाना म्हणाले. मग उंबऱ्याच्या बाहेरूनच मान वाकवून त्यांनी घरात बघितलं. "कुठं ठेवू?"

मी मागं वळून बघितलं. टीव्ही, खिडकी, स्वयंपाकघराचं दार. या घरात त्या झाडाची अशी जागाच नव्हती.

"आज टीव्हीपाशी ठेवा," मी म्हटलं. "उद्या हलवू."

"उद्या?"

"हो, नाना. त्याला रोज हलवावं लागतं."

नानांनी पऱ्हाटी सुहासच्या हातात दिली, "उलटी धरू नका," म्हणाले, आणि चौकटीला हात टेकून वहाणा काढायला वाकले.